बंडखोर राजधानीच्या वेशीवर आले, की दूतावास काय करतो?

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मालीत जेएनआयएम या सशस्त्र गटाने इंधनाचे टँकर अडवून राजधानी बामाकोची कोंडी केली. तिथल्या अमेरिकी दूतावासाने आपल्या नागरिकांना ताबडतोब, आणि रस्त्याने नव्हे तर नेहमीच्या प्रवासी विमानांनी, देश सोडायला सांगितलं. त्या बातमीनंतर आफ्रिकेत नातलग असलेल्या अनेक वाचकांनी पत्रं पाठवली. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : नोव्हेंबर २०२१ मध्ये इथिओपियातल्या अमेरिकी दूतावासानेही असाच इशारा दिला होता. पण राजधानी अदिस अबाबा बंडखोरांच्या हाती पडलंच नाही. मग ती घाई नव्हती का? माझा मुलगा तिथे प्राध्यापक आहे. उद्या पुन्हा इशारा आला तर तो किती मनावर घ्यायचा? — वाचक, पुणे

पूर्ण मनावर घ्यायचा. शहर पडलं नाही म्हणून इशारा चुकीचा ठरत नाही, कारण कोण जिंकणार याचा अंदाज दूतावास बांधत नसतो. तो तीनच गोष्टी बघतो : विमानतळ किती दिवस चालू राहील, कोणत्या शेजारी देशापर्यंत रस्ता उघडा आहे, आणि आपली माणसं किती आणि कुठे आहेत.

त्या वेळचा घटनाक्रम बघा. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतातल्या बंडखोरांनी देसी आणि कोंबोल्चा ही शहरं घेतली. ती राजधानीपासून रस्त्याने चारशेच्या आसपास किलोमीटरवर आहेत. २ नोव्हेंबरला सरकारने देशभर आणीबाणी लावली. ३ तारखेला अमेरिकेने दूतावासातल्या बिगर-निकडीच्या कर्मचाऱ्यांना आणि कुटुंबीयांना परतण्याची मुभा दिली. ५ तारखेला त्या मुभेचा हुकूम झाला. मुभेत जायचं की नाही हे कर्मचारी ठरवतो, हुकुमात निवड उरत नाही. अशी स्थिती जास्तीत जास्त १८० दिवस ठेवता येते. नंतर एकतर माणसं परत येतात, नाहीतर ते ठाणं कुटुंबाविना राहण्याचं ठरवलं जातं. महिनाअखेर बंडखोर राजधानीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास पोचले होते. डिसेंबरमध्ये सरकारी फौजांनी त्यांना मागे रेटलं आणि २० डिसेंबरला त्यांनी टिग्रेत माघार घेत असल्याचं जाहीर केलं.

आता दूतावासाच्या जागेवरून विचार करा. इथिओपियाला समुद्रकिनारा नाही. आयातीचा बहुतेक सगळा माल शेजारच्या जिबूती देशाच्या बंदरातून एका मुख्य रस्त्याने येतो आणि बंडखोर त्याच रस्त्यावरच्या मिले गावाकडे सरकत होते. तो रस्ता तुटला असता तर राजधानीत डिझेलची टंचाई आधी आली असती, बंदूकधारी नंतर. दुसरीकडे बोले विमानतळ हे इथिओपियन एअरलाइन्सचं मुख्यालय. त्या दिवसांत रोज डझनावारी विमानं सुटत होती आणि तिकिटं मिळत होती. म्हणून सांगितलं, की आत्ता तिकीट काढा. पैसे नसतील तर कर्जाची सोय आहे. काबूलसारखी लष्करी विमानं येतील असं मात्र धरून चालू नका. हे शेवटचं वाक्य अमेरिकी प्रवक्त्यांनी त्या महिन्यात पुन्हापुन्हा उच्चारलं. ऑगस्टमध्ये काबूलच्या धावपट्टीवरची गर्दी जगाने पाहिली होती, त्यामुळे लोक तशाच विमानांची वाट बघत थांबतील ही भीती खरी होती.

यजमान सरकारला असा इशारा आवडत नाही. राजधानीत घबराट पसरते, गुंतवणूकदार पळतात, म्हणून इथिओपियन सरकारनेही जाहीर नाराजी दाखवली. तुमच्या मुलाला विद्यापीठातून ‘सगळं शांत आहे’ असंच सांगितलं जाईल, आणि सांगणाऱ्याला तसं मनापासून वाटतही असेल. खूण एकच पक्की मानावी : दूतावास स्वतःच्या बायकामुलांना परत पाठवतोय का? १९८८ च्या लॉकरबी विमानस्फोटानंतर अमेरिकेचा नियमच झाला आहे, की जो धोका कर्मचाऱ्यांना कळवला तो सामान्य नागरिकांनाही कळवायचा. त्यामुळे त्यांची सूचना कोणालाही वाचता येते. भारतीय दूतावासाची सूचना येण्याची वाट बघताना अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच दूतावासांची पानंही रोज उघडत जा. तिन्ही एकाच आठवड्यात ‘निघा’ म्हणायला लागले तर मुलाने सेमिस्टर संपायची वाट बघू नये. परत जाता येतं. २०२१ मध्ये निघालेले कित्येक जण पुढच्या वर्षी कामावर रुजू झाले.

प्रश्न : एप्रिल २०२३ मध्ये सुदानात आमच्या जिल्ह्यातली बरीच माणसं केनाना साखर कारखान्यात अडकली होती. तेव्हा भारतीय दूतावास ‘आहात तिथेच थांबा’ म्हणत होता. एकीकडे ‘निघा’, एकीकडे ‘थांबा’, असं का? — वाचक, सांगली

कारण लढाई कुठून सुरू झाली यावर सगळं ठरतं. इथिओपियात बंडखोर चारशे किलोमीटरवरून येत होते, हातात आठवडे होते. सुदानची राजधानी खार्टूममध्ये १५ एप्रिलच्या सकाळी लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांची लढाई शहराच्या पोटातच पेटली. विमानतळ पहिल्याच दिवशी रणांगण झाला आणि हवाई मार्ग बंद पडला. भारतीय दूतावास त्या विमानतळाजवळच्याच भागात होता, त्यामुळे तिथे जाणं अशक्य झालं आणि अधिकारी शहरात विखुरलेल्या जागांवरून फोनवर काम करत राहिले. पहिल्याच दिवसांत एका भारतीयाला स्वतःच्या घरात भटकी गोळी लागून मृत्यू आला. युरोपीय संघाच्या राजदूतांवर त्यांच्या निवासस्थानी हल्ला झाला, अमेरिकी दूतावासाच्या गाड्यांवर गोळीबार झाला. राजनैतिक पाटी लावलेली गाडी सुटत नसेल तर बॅगा घेतलेल्या कुटुंबाची टॅक्सी कशी सुटेल? म्हणून ‘थांबा’.

त्या थांबण्याला मुदत होती. दोन्ही बाजूंनी ७२ तासांचा युद्धविराम मान्य केला आणि २४ एप्रिलला ऑपरेशन कावेरी जाहीर झालं. बसगाड्या खार्टूमहून सुमारे साडेआठशे किलोमीटरवरच्या पोर्ट सुदानला, तिथून आयएनएस सुमेधा, तेग, तर्कश या नौदलाच्या जहाजांनी किंवा हवाई दलाच्या सी-१३० विमानांनी जेद्दाहला, आणि तिथून भारतात. जेद्दाहच्या भारतीय शाळेत मुक्कामाची सोय केली होती. २७ एप्रिलला २४६ जणांना घेऊन सी-१७ विमान थेट मुंबईत उतरलं. पोर्ट सुदानपर्यंत पोचूच न शकणाऱ्या १२१ जणांना खार्टूमच्या उत्तरेच्या वादी सैय्यिदना इथल्या मोडक्या धावपट्टीवरून, दिवे आणि दिशादर्शक यंत्रणा नसताना, रात्री उचललं गेलं. ५ मेपर्यंत ३,८६२ माणसं घरी आली.

केनानाचा प्रश्न आणखी वेगळा होता. कारखाना खार्टूमच्या दक्षिणेला अडीचशेहून जास्त किलोमीटरवर, रबक गावाजवळ आहे. तिथून बंदराकडे जाताना राजधानी टाळायची तर सेन्नार, गदारिफ आणि कसला या शहरांवरून पूर्वेचा वळसा पडतो, म्हणजे हजार किलोमीटरच्या पुढे. असा प्रवास एका टाकीत होत नाही आणि वाटेत डिझेल मिळेल याची खात्री युद्धात नसते. अशा वसाहतीत स्वतःचं पाणी, वीज आणि धान्य असतं. ते संपेपर्यंत तिथे थांबणं रस्त्यावर अडकण्यापेक्षा शहाणपणाचं असतं.

थांबायची वेळ आली तर काय लागतं ते नेमकं सांगतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर पाणी धरा. चौघांना १० दिवस म्हणजे १६० लिटर, २० लिटरचे आठ कॅन. वीज गेली की पंप बंद पडतो, म्हणून पहिला गोळीबार ऐकू आला की आधी बादल्या, पातेली, टाकी सगळं भरून घ्या. झोपायचं खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत किंवा बोळात. गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढणं हा सगळ्यात घातक नाद आहे. गोळी लागते ती बहुतेकदा अशाच वेळी किंवा खिडकीजवळ. फोन दिवसातून ठरावीक वेळी, दहा मिनिटंच चालू करा.

आणि दूतावासाला माहिती पाठवताना प्रत्येक इमारतीतून एकाच माणसाने पाठवावी : पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, तिथला आणि भारतातला पत्ता, जवळची ठळक खूण, आजारी आणि लहान मुलं किती. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोतलं बुकावू शहर धोक्यात आलं तेव्हा किन्शासाच्या भारतीय दूतावासाने अशीच यादी मागितली होती. घोळ होतो तो इथे. मुलगा तिथून नाव देतो, बायको सांगलीतून देते, मामा आमदारांमार्फत देतो, तिन्ही ठिकाणी स्पेलिंग वेगळं. यादीत एकाचे तिघे होतात, बसमध्ये जागा राखली जाते आणि खऱ्या माणसाला पुढच्या बसची वाट बघावी लागते. घरच्यांनी नाव पुन्हा देण्याऐवजी आधी दिलेल्या नोंदीचा क्रमांक सांगून पाठपुरावा करावा.

प्रश्न : दूतावास बंद करायचं ठरलं की आत नेमकं काय चालतं? व्हिसासाठी दिलेल्या आमच्या पासपोर्टचं काय होतं? — वाचिका, ठाणे

आधी नेहमीची कामं थांबतात : व्हिसाच्या मुलाखती, कागद साक्षांकित करणं, सांस्कृतिक कार्यक्रम. मग माणसं कमी होतात आणि राजदूत, संपर्कयंत्रणा बघणारे, सुरक्षेचे लोक आणि नागरिकांची कामं बघणाऱ्या वाणिज्यदूत विभागातले एक-दोघे एवढेच उरतात. त्यानंतर कागदांचा नंबर. गोपनीय फाइली श्रेडरमध्ये किंवा भट्टीत जातात, हार्ड डिस्क फोडल्या जातात, कोरे व्हिसा स्टिकर आणि कोऱ्या पासपोर्ट-पुस्तिकांचे क्रमांक लिहून घेऊन त्या नष्ट करतात, रबरी शिक्केही सोडत नाहीत. एक कोरा स्टिकर आणि एक शिक्का चुकीच्या हाती पडला तर त्याची किंमत मोठी असते.

त्याच तर्काने लोकांचे पासपोर्टही जातात. खार्टूमच्या अमेरिकी दूतावासाने २२ एप्रिल २०२३ ला गाशा गुंडाळला. जिबूतीहून निघालेली तीन चिनूक हेलिकॉप्टरं इथिओपियात इंधन भरून आली आणि तासाभराच्या आत शंभरापेक्षा थोड्या कमी माणसांना घेऊन परतली. त्याआधी, व्हिसासाठी जमा असलेले सुदानी नागरिकांचे पासपोर्ट तिथे नष्ट करण्यात आले होते. काही युरोपीय दूतावासांत ते कपाटबंद राहिले आणि इमारतींना कुलूप लागलं. परिणाम एकच : ज्यांना सीमा ओलांडून जीव वाचवायचा होता त्यांच्या हाती कागदच नव्हता. नियमपुस्तकात हे बसतं हे मान्य. तरी एवढ्या निकडीत अर्जदारांचे पासपोर्ट आधी परत करायला हवे होते, असंच आमचं ठाम मत आहे.

तुमच्यासाठी यातून एकच काम निघतं. गडबडीच्या देशात राहत असाल आणि कोणत्याही परदेशी दूतावासात पासपोर्ट अडकलेला असेल, तर कुटुंबीयांना परतण्याची ‘मुभा’ जाहीर झाल्याच्या दिवशीच लेखी अर्ज करून तो परत मागा. हुकूम निघाल्यावर खिडकीवर माणूस नसतो.

आणखी एक बाजू बातम्यांत येत नाही. दूतावासाचे स्थानिक कर्मचारी, म्हणजे चालक, पहारेकरी, दुभाषे, कारकून, बहुतेकदा मागेच राहतात. त्यांची नावं आणि पत्ते असलेल्या फाइली नष्ट करणं हे गुप्त तारसंदेश जाळण्याइतकंच महत्त्वाचं असतं, कारण त्या नावांवरून माणसं शोधली जातात. अनेक महिन्यांचा पगार आधी देणं आणि कुटुंब शहराबाहेर हलवायला गाडी देणं, एवढं तरी प्रत्येक दूतावासाने करायलाच हवं.

प्रश्न : ‘फक्त ५ किलो सामान’ असं सांगतात. त्यात काय भरायचं? — वाचक, नाशिक

ही अट जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानच्या जुबा शहरातल्या ऑपरेशन संकटमोचनच्या वेळी होती : वैध भारतीय प्रवासी कागदपत्रं, हातातलं ५ किलो सामान, बाकी काही नाही, स्त्रिया आणि मुलं आधी. दोन सी-१७ विमानं गेली आणि दीडशेच्या वर माणसं परतली. नाव नोंदवलेले बरेच जण दुकान आणि माल सोडवेना म्हणून ऐनवेळी आलेच नाहीत. त्यांना दोष देता येत नाही, पण विमान दुसऱ्यांदा येईलच असं नसतं. सामान आणि दुकान यांचा निर्णय विमान येण्याआधी झालेला हवा.

चाकांची केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणून कापडी पाठपिशवी घ्या. सगळ्यात आतल्या कप्प्यात, झिपलॉक पिशवीत : पासपोर्ट, तिथला राहण्याचा परवाना, पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड, मुलांचे जन्मदाखले, विवाह नोंदणी दाखला, शेवटची पगारचिठ्ठी आणि कंपनीचं करारपत्र. पगार थकला तर नंतर दाद मागायला हे शेवटचे दोन कागदच उपयोगी पडतात आणि बहुतेक लोक नेमके तेच विसरतात. सगळ्यांचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर आणि गावाकडच्या एका माणसाकडे पाठवून ठेवा.

रोख रक्कम डॉलरमध्ये, आणि लहान नोटा. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी जुन्या छपाईच्या, दुमडलेल्या किंवा पेनाची रेघ असलेल्या डॉलरच्या नोटा कोणी घेत नाही. शंभरची नोट चेकपोस्टवर मोडूनही मिळत नाही. १, ५, १० आणि २० च्या नोटा दोन-तीन जागी विभागून ठेवा. कार्ड आणि मोबाइलवरचे पैसे नेटवर्क गेलं की निरुपयोगी.

औषधं एक महिन्याची, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. इन्सुलिनची उघडलेली कुपी थंड जागी सुमारे चार आठवडे चालते. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, बसच्या डॅशबोर्डवर कधीच नाही. ओआरएसची दहा पाकिटं, एक पॉवर बँक, एक टॉर्च, बंद बूट, भडंग किंवा शेंगदाणे-गूळ असं न शिजवता खाता येणारं काही.

न घेण्याच्या वस्तू त्याहून महत्त्वाच्या. लष्करी रंगाचे कपडे, दुर्बीण, ड्रोन, वॉकीटॉकी यांमुळे चेकपोस्टवर हेर समजलं जातं. सॅटेलाइट फोन अनेक देशांत परवान्याशिवाय चालत नाही, आणि भारतात परवानगीशिवाय आणला तर जप्त होतो. फोन तपासले जातात, म्हणून लढाईचे, सैनिकांचे, रणगाड्यांचे फोटो आणि दोन्ही बाजूंच्या बातम्यांचे व्हॉट्सअॅप फॉरवर्ड निघण्याआधी पुसून टाका.

प्रश्न : माझ्या भावाने गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि तो आफ्रिकेत नोकरीला आहे. संकटात भारतीय दूतावास त्याला नेईल का? — वाचक, मडगाव

हक्क म्हणून नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड हा व्हिसा आहे, नागरिकत्व नव्हे. जागा उरली तर माणुसकीने परदेशी नागरिकांना नेल्याची उदाहरणं आहेत, पण त्यावर बेत आखू नये. त्याने नाव पोर्तुगालच्या दूतावासात नोंदवावं. त्या देशात पोर्तुगालचा दूतावास नसला तरी घाबरण्याचं कारण नाही : युरोपीय संघाच्या कायद्यानुसार फ्रान्स, जर्मनी, इटली अशा कोणत्याही सदस्य देशाच्या दूतावासाने त्याला स्वतःच्या नागरिकासारखीच मदत केली पाहिजे. हे त्याने आजच, शांततेच्या काळात, फोन करून विचारून ठेवावं. बायको-मुलांकडे भारतीय पासपोर्ट असतील तर एकाच घरातली माणसं दोन याद्यांत जातात आणि ताटातूट होते. दोन्ही दूतावासांना तसं लेखी कळवा.

प्रश्न : दूतावासाची जागा म्हणजे त्या देशाची भूमी. मग बंडखोर आले की सरळ दूतावासात जाऊन राहता येत नाही का? — वाचक, मुंबई

ती त्या देशाची भूमी नसते. १९६१ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम २२ नुसार यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना राजदूताच्या संमतीशिवाय आत जाता येत नाही आणि बाहेर संरक्षण देणं यजमानावर बंधनकारक असतं. पण संरक्षण देणारं सरकारच कोसळत असेल तर कलमाला पहारेकरी उरत नाही. शिवाय राजधानी धोक्यात आली की सरकारच्या पाठीराख्यांचा राग परदेशी दूतावासांवर निघतो. डिसेंबर २०१२ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, बांगीत, लोकांनी फ्रेंच दूतावासावर दगड फेकले. फ्रान्स बंडखोरांना अडवत नाही, ही तक्रार होती. जानेवारी २०२५ मध्ये पूर्व काँगोतलं गोमा शहर बंडखोरांच्या हाती पडत असताना पंधराशेहून जास्त किलोमीटर दूरच्या राजधानी किन्शासात अनेक दूतावासांवर जमाव चालून गेला. म्हणून बोलावल्याशिवाय दूतावासाकडे धावू नये. आत शेकडो माणसांना पुरेल इतकं पाणी आणि शौचालयंही नसतात.

आसरा मिळालाच तर तो किती लांबतो याचं अदिस अबाबातलं उदाहरण विलक्षण आहे. मे १९९१ मध्ये इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्तू पळाला, बंडखोर शहरात शिरले, आणि त्याच्या राजवटीतले काही बडे अधिकारी इटलीच्या दूतावासात घुसले. पुढे खटल्यात मृत्युदंड झाल्यामुळे इटलीने त्यांना सोपवलं नाही. त्यांतले दोघे तिथून बाहेर पडले ते डिसेंबर २०२० मध्ये. साडेएकोणतीस वर्षं त्यांनी एका आवारात काढली.

प्रश्न : ज्या देशात भारताचा दूतावासच नाही, तिथे कोण मदत करतं? — वाचिका, कोल्हापूर

शेजारच्या देशातल्या भारतीय राजदूताकडे त्या देशाचीही जबाबदारी दिलेली असते, आणि राजधानीत बहुधा मानद वाणिज्यदूत असतो, म्हणजे तिथलाच एखादा प्रतिष्ठित व्यावसायिक. त्याला पासपोर्ट देण्याचा अधिकार नसतो, पण विमानतळ, पोलीस, टॅक्सीवाले यांच्याशी त्याची ओळख असते. कठीण दिवसांत ती ओळखच कामी येते. दोघांचे फोन आणि ईमेल परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. ते कागदावर लिहून ठेवा.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी हे अशा देशाचं उदाहरण. डिसेंबर २०१२ मध्ये सेलेका बंडखोर पुढे सरकू लागले आणि २७ तारखेला अमेरिकेने तिथला दूतावास थांबवला. संबंध तोडलेले नव्हते, फक्त काम स्थगित होतं. तो पुन्हा उघडला सप्टेंबर २०१४ मध्ये. शहर पडलं २४ मार्च २०१३ ला. म्हणजे इशाऱ्यानंतर जवळजवळ तीन महिने मिळाले होते. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, विमानतळ राखणाऱ्या फ्रेंच सैनिकांकडे तीन गाड्या वेगाने आल्या. इशाऱ्याच्या गोळ्यांनंतरही त्या थांबल्या नाहीत असं फ्रान्सचं म्हणणं होतं. गोळीबारात दोन भारतीय नागरिक मारले गेले, आणखी काही जखमी झाले. सुटकेच्या वाटेवर, विमानतळाच्या दारात.

हे पुन्हा घडू नये म्हणून प्रत्येक चालकाला सांगा : चेकपोस्ट दिसली की दोनशे मीटरवरूनच वेग माणसाच्या चालीइतका करा. रात्र असेल तर हेडलाइट मंद आणि गाडीच्या आतला दिवा चालू. काचा खाली, सगळ्यांचे हात समोरच्या सीटवर किंवा स्टिअरिंगवर, रिकामे दिसतील असे. हाताची खूण होईपर्यंत पुढे सरकायचं नाही, आणि कागद काढायला खिशात हात घालण्याआधी तोंडाने सांगायचं. तीन गाड्या असतील तर त्यांच्यात पन्नास मीटरचं अंतर ठेवा. एकामागोमाग एक वेगाने येणाऱ्या गाड्या घाबरलेल्या सैनिकाला हल्ल्यासारख्या दिसतात.

प्रश्न : परत आणण्याचा खर्च कोण करतं? — वाचक, नागपूर

ऑपरेशन कावेरीत भारत सरकारने केला. दर वेळी तसंच होईल असा नियम नाही. २०२० च्या वंदे भारत मोहिमेत प्रवाशांनी तिकिटं काढली होती. लढाई पेटण्याआधीच्या ‘निघा’ टप्प्यावर तिकीट आपलं आपणच काढायचं असतं. अगदी हातात पैसे नसलेल्या कामगारासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. त्यातून राहणं, औषधोपचार आणि परतीचं तिकीट देता येतं, गरज तपासून. अमेरिकी नागरिकांना मात्र कर्जपत्रावर सही करावी लागते आणि ते फेडेपर्यंत त्यांना पूर्ण मुदतीचा नवा पासपोर्ट मिळत नाही.

प्रश्न : सुनेची तिकडेच प्रसूती झाली. बाळाला अजून पासपोर्ट नाही, आणि मुलाचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आहे. ऐनवेळी काय करावं? — वाचिका, छत्रपती संभाजीनगर

दोन्ही कामं ऐनवेळेवर ठेवू नका. बाळाचा स्थानिक जन्मदाखला घेऊन भारतीय दूतावासात जन्मनोंदणी करा. कायद्याने ती एका वर्षाच्या आत करायची असते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं. त्याच खेपेला पासपोर्टचा अर्ज द्या. दाखला फ्रेंच, अरबी किंवा अम्हारिक भाषेत असेल तर प्रमाणित भाषांतर सोबत लागेल.

मुलाने कंपनीकडून पासपोर्ट लेखी मागावा. पासपोर्ट हा भारत सरकारचा दस्तऐवज आहे, मालकाला तो तारण म्हणून ठेवता येत नाही. नकार मिळाला तर दूतावासाला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर तक्रार द्या. लढाई सुरू झाल्यावर तिजोरीची किल्ली असलेला माणूसच शहरात नसतो.

पासपोर्ट हरवला किंवा अडकलाच तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. त्यासाठी फोटो, पासपोर्टची प्रत आणि शक्य असेल तर पोलिसांतली तक्रार लागते. पण ते एकाच खेपेपुरतं आणि फक्त भारतात येण्यासाठी असतं. शेजारच्या देशात शिरून मुक्काम करायचा असेल तर त्या देशाने वेगळी परवानगी द्यावी लागते. सीमेवर अनेकांना नेमकं हेच अडतं.

प्रश्न : परतल्यावर मुंबई विमानतळावर अडवून ठेवतात असं ऐकलं. खरं आहे का? — वाचक, रत्नागिरी

पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र नसेल तर हो. सुदानहून सुटून आलेल्यांपैकी शंभराहून जास्त जणांना याच कारणाने विलगीकरणात राहावं लागलं होतं. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. त्यामुळे घाईत शेवटच्या आठवड्यात घेतलेल्या लसीचा विमानतळावर उपयोग नाही. घरी आल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की रुग्ण आफ्रिकेतून आला आहे, आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या.